जुना छोटा ट्रॅक्टर ठेवला तर डिझेल खरंच वाचतं का? एकरी हिशोब टाका

बांधकरी
नमस्कार मंडळी. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हापासून आमच्या भागात जो तो जुना ट्रॅक्टर देऊन पन्नास-पंचावन्न एचपीचा नवा घ्यायच्या मागं लागलाय. घेऊ नका असं म्हणत नाही, पण जुना विकण्याआधी एक हिशोब करा म्हणून हा धागा काढतोय.

आमच्या घरी वडिलांनी घेतलेला मॅसी १०३५ आहे, साधारण पस्तीस एचपीचा, आणि चुलतभावाकडं पन्नास एचपीचा नवा. दोघांची जमीन लागून, माती एकच, मध्यम काळी. पेरणीला दोघांच्या मागं एकच नऊ दात्यांचं पेरणी यंत्र लागतं. आता यंत्र तेच, रुंदी तीच, पेरताना वेगही दोघांना तेवढाच ठेवावा लागतो नाहीतर बी नीट पडत नाही, म्हणजे तासाला एकर दोघांचं सारखंच होणार. मग पन्नास एचपीनं त्यात काय जास्त केलं? काही नाही, फक्त स्वतःचं वजन ओढलं आणि मोठं इंजिन फिरवलं. एकरी अर्धा-पाऊण लिटरचा फरक पेरणीत पडतो, कोळपणीत आणि फवारणीत त्याहून जास्त.

वर्षाचं काम मांडून बघा. नांगरट एकदा, ती पण दरवर्षी कुणी करत नाही. माती भुसभुशीत करायचा रोटर (रोटाव्हेटर) एक-दोनदा. बाकी सगळं पेरणी, कोळपणी, फवारणी, खत टाकणं, वैरण आणणं, पाण्याची टाकी ओढणं, घरची ट्रॉली. तास मोजले तर हलक्या कामाचेच जास्त निघतात, आणि आपण ट्रॅक्टर घेताना विचार करतो नांगराचा.

मोजायची पद्धत सांगतो कारण अंदाजे आकडे ऐकून कंटाळा आलाय. सपाट जागा ठरवायची, रोज तीच. टाकी नरड्यापर्यंत भरायची, डिझेलला फेस येतो म्हणून दोन मिनिटं थांबून परत टॉप करायचं. काम करून त्याच जागेवर त्याच तोंडानं ट्रॅक्टर उभा करायचा आणि मापाच्या कॅननं परत नरड्यापर्यंत भरायचं. गेलेलं डिझेल भागिले झालेलं क्षेत्र. तासाला किती खातो हे विचारूच नका, एकराला किती खातो ते विचारा.

तुमच्याकडचे अनुभव टाका.

रोटरवाला_बार्शी
दादा, पेरणीचं पटलं, पण सगळं तसंच धरू नका. मी भाड्यानं कामं करतो, माझ्याकडं ५५ एचपी आणि सात फुटी रोटर आहे. पस्तीसला लोक पाच फुटी रोटर लावतात आणि तो पहिल्या गिअरमध्ये कण्हत चालतो. एकरी बघितलं तर दोघांना पाच-सहा लिटरच्या आसपासच लागतं, कारण माती फोडायला जेवढा जोर लागायचा तेवढा लागणारच, इंजिन लहान असो का मोठं. पण माझा एकर अर्ध्या-पाऊण तासात होतो आणि त्यांचा सव्वा-दीड तासात. ड्रायव्हरचा पगार वाचतो, आणि मुख्य म्हणजे वाफसा, मातीत कामाजोगी ओल असते तेवढा वेळ, हुकत नाही. आमच्याकडं भारी काळी, दोन दिवस वाफसा असतो, तिसऱ्या दिवशी ढेकळं. दोन दिवसांत वीस एकर उरकायचं असेल तर पस्तीसवाला काय करणार?

नांगरटीला तर बोलायलाच नको. दोन फाळी पलटी नांगर भारी जमिनीत नऊ-दहा इंच घालायचा तर पंचेचाळीसच्या खाली जाऊ नये. लहान ट्रॅक्टरला मोठं काम दिलं की चाकं फिरतात आणि डिझेल टायरमधून जातं.

बांधकरी
बार्शीवाले भाऊ, यात वाद नाहीच. नांगरट आणि रोटर तुमच्यासारख्याला भाड्यानं द्यायचं, बाकीचं घरच्या पस्तीसनं करायचं, माझं म्हणणं तेवढंच आहे. नऊ-दहा एकरवाल्यानं वर्षातल्या चार दिवसांच्या नांगरटीसाठी आठ लाखांचा ट्रॅक्टर दारात उभा करायचा आणि मग तोच वैरणीला न्यायचा, हे मला खटकतं.

अवजारे_राहुरी
दोघांचंही बरोबर आहे, यामागं इंजिनाचा साधा हिशोब आहे तो मांडतो. कृषी अभियांत्रिकी शिकलोय, काम पण अवजारांचंच करतो.

डिझेल इंजिनवर चांगला लोड असला तर एक एचपी एक तास काढायला साधारण पाव लिटरच्या आत-बाहेर डिझेल लागतं. तीस एचपी काढताय तर सात लिटर तासाला, हे जुन्या-नव्यात फार बदलत नाही. म्हणून रोटरमध्ये दोघांचं एकरी सारखं येतं, कारण दोघंही आपापल्या ताकदीला भिडलेले असतात. पण लोड कमी झाला की गणित फिरतं. मोठ्या इंजिनाला २००० आरपीएमवर नुसतं स्वतःला फिरवायला, पिस्टनचं घर्षण, पंप, फॅन सगळं धरून, आठ-दहा एचपी सहज जातात. तुमच्या कोळपणीला बारा एचपी लागतात, म्हणजे जेवढं काम तेवढंच जवळजवळ इंजिनाच्या पोटात. पंचवीस-तीस एचपीच्या इंजिनात हा आतला खर्च निम्म्यावर येतो. तिथं तासाला एक-सव्वा लिटर वाचतं. वर्षाला अडीचशे तास हलकं काम धरा आणि डिझेल नव्वद रुपये, पंचवीस हजारांच्या आसपास जातो आकडा.

आता ज्यांच्याकडं मोठाच ट्रॅक्टर आहे आणि दुसरा घ्यायचा नाही त्यांनी काय करायचं? गिअर वर, ॲक्सिलेटर खाली. हलक्या कामाला दुसऱ्या गिअरमध्ये २००० वर पळवण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये १३००-१४०० वर तोच वेग मिळतो. अमेरिकेत नेब्रास्का राज्यानं १९१९ मध्ये कायदा करून ट्रॅक्टरची सक्तीची चाचणी सुरू केली, त्यांच्या रिपोर्टात निम्म्या ओढीवर पूर्ण आरपीएमला किती डिझेल आणि कमी आरपीएमला किती, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी देतात. फरक डोळ्यांनी दिसतो. फक्त इंजिन कण्हायला लागलं, काळा धूर आला किंवा ॲक्सिलेटर वाढवूनही आरपीएम चढत नसेल तर गिअर खाली घ्या, नाहीतर इंजिनाला त्रास होतो.

आपल्याकडं हीच चाचणी मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारच्या संस्थेत होते. ट्रॅक्टर घेताना बुदनीचा टेस्ट रिपोर्ट मागा, त्यात पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, किती एचपी मिळते आणि किलोवॅट-तासाला किती ग्रॅम डिझेल लागतं ते छापलेलं असतं. जाहिरातीतल्या इंजिन एचपीपेक्षा पीटीओ एचपी बघा.

द्राक्षबाग_निफाड
आमच्या बाजूनं थोडं. द्राक्षाला फवारण्या इतक्या की वर्षभर ट्रॅक्टर बागेतच असतो. आठ-नऊ फुटांच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर घातला की चाक प्रत्येक वेळी त्याच पट्ट्यावरून जातं, खाली जमीन फरशीसारखी घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि पांढरी मुळी चालत नाही. म्हणून इकडं शक्ती १८० सारखे साडेअठरा एचपीचे ट्रॅक्टर इतके चालले, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. डिझेल वाचतं ते आहेच पण माझ्या दृष्टीनं मुळी वाचते ते मोठं.

पण एक आहे. मोठा फॅन असलेला फवारणीचा ब्लोअर लहान ट्रॅक्टरला लावू नका. पानाच्या आत औषध पोचायला हवा लागते, हवेला एचपी लागतात. कमी ताकदीत ब्लोअर चालवून डिझेल वाचवलं आणि डाऊनी (केवडा रोग) राहिली तर त्या वाचलेल्या डिझेलचं काय करायचं? चोवीस ते अठ्ठावीस एचपीचा अरुंद ट्रॅक्टर आणि त्याला साजेसा ब्लोअर हा मेळ बसतो. पीटीओ ५४० ची इकॉनॉमी असेल तर ती वापरा, इंजिन खालच्या आरपीएमवर राहून शाफ्ट ५४० फिरतो.

पंप_नोझल
मी इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाच्या दुरुस्तीचं काम करतो, तालुक्याच्या ठिकाणी. वर सगळे ‘जुना जुना’ म्हणतायत म्हणून लिहितोय, जुना ट्रॅक्टर डिझेल वाचवेल ते तो तब्येतीत असला तरच. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांत काय काय बघतो ते सांगतो.

पहिलं, थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. ट्रॅक्टर तापतोय म्हणून कुणीतरी काढतं, मूळ दुखणं वेगळंच असतं, रेडिएटरमध्ये कचरा नाहीतर पट्टा ढिला. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडच चालतं, हिवाळ्यात तर काटा वर येतच नाही, डिझेल नीट जळत नाही आणि लायनर लवकर झिजतात. छोटा पार्ट आहे, बसवून घ्या.

दुसरं, पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलेलं. जोर येतो असं वाटतं पण जेवढी हवा तेवढंच डिझेल जळणार, बाकीचा काळा धूर. नोझल प्रत्येक इंजिनाच्या ठरलेल्या प्रेशरवर उघडलं पाहिजे आणि फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे, धार पडत असेल तर ते नोझल गेलं. टेस्ट बेंचवर समोर उभं राहून बघा, मेकॅनिकला म्हणा दाखव. पंप कॅलिब्रेशन करताना टायमिंग पण बघून घ्या.

तिसरं, एअर क्लीनर. जुन्यांना ऑइल बाथ असतो, खालच्या वाटीत खुणेपर्यंत ऑइल. धुळीचं काम असलं की वाटी रोज उघडून बघायची, तळाला बोटभर चिखल बसला की ऑइल टाकून द्यायचं, वाटी डिझेलनं धुवायची, नवीन ऑइल खुणेएवढंच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

धुराचा रंग बघायला शिका. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गाईड. पांढरा, आणि गरम झाल्यावरही जात नसेल, तर टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा पाणी. निळ्या धुराचा ट्रॅक्टर डिझेल वाचवायला म्हणून घेऊ नका, आधी इंजिनाचं काम काढा.

आणि गळती. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवस-रात्र मिळून चार लिटरच्या घरात. कॉपर वायसर बदलायला किती लागतात?

कपाशी_यवतमाळ
सगळ्यांना नमस्कार. माझी सहा एकर, कपाशी आणि तूर. आतापर्यंत बैलजोडीवर केलं, पण आता जोडी सांभाळायला माणूस मिळत नाही आणि चारा विकत घ्यावा लागते. गावात एक जुना आयशर २४२ विकाऊ आहे, २५ एचपी, एका सिलेंडरचा. डवरणी (तुमची कोळपणी), फवारणी आणि घरच्या ट्रॉलीसाठी घ्यावा का? नांगरटी भाड्यानं करीन. लोक म्हणतात एका सिलेंडरचा ट्रॅक्टर लय हादरते म्हणून.

बांधकरी
भाऊ, तुमच्या कामाला बसेल असं वाटतं. आयशरनं १९५९ मध्ये फरिदाबादला ट्रॅक्टर बनवायला घेतला तेव्हापासून त्यांचे छोटे ट्रॅक्टर कमी डिझेलसाठीच नावाजले. हादरतो हे खरं, दिवसभर बसलं की कंबरेला कळतं, पण सहा एकरात दिवसभर बसायची वेळ किती येणार.

बघायला जाताना सकाळी जा, मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका, थंड इंजिन स्वतः चालू करून बघा. चालू करताना किती वेळ घेतो, धूर कुठला, दांडीचं ऑइल काढून वास आणि रंग. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सुटायच्या नळीतून, धूर जोरात मारत असेल तर रिंगा संपल्या. कल्टिव्हेटर उचलून इंजिन बंद करा आणि अवजार किती वेळात खाली बसतं ते बघा, भराभर बसलं तर हायड्रोलिकचं काम आहे. कागद पण बघा. आरसी पंधरा वर्षांची असते, पुढं पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते. रिन्यू केलेली नसेल तर आधी त्याला करायला सांगा मग पैसे द्या. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही.

कपाशीच्या ओळीत चाक बसतं का ते मोजा. टायर अरुंद हवेत आणि चाकांची रुंदी कमी-जास्त करता आली पाहिजे. लागवडीचं अंतर ट्रॅक्टरच्या चाकाप्रमाणे आधीच ठरवून घ्या, मग डवरणी दोनदा जास्त करता येते.

मळेकरी_ताई
मी शेती स्वतः बघते, मिस्टर नोकरीला. ट्रॅक्टर चालवायला माणूस ठेवलाय. आमच्याकडं डिझेलची बचत यंत्रातून कमी आणि सवयीतून जास्त झाली, म्हणून लिहिते.

बांधावर गप्पा मारताना, बी भरताना, फोनवर बोलताना ट्रॅक्टर चालूच. विचारलं तर म्हणे बॅटरी वीक आहे, परत चालू होणार नाही. उभ्या ट्रॅक्टरला तासाला अर्धा ते एक लिटर जातं. बॅटरी बदलली आणि सांगितलं, दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद. वही ठेवली आहे, तारीख, वावर, अवजार, भरलेलं डिझेल, ड्रायव्हरच लिहितो. वही सुरू केल्यावर कुठल्या वावरात डिझेल जास्त जातं ते कळलं. आमचा एक तुकडा तिरका आहे, आखूड तास, वळणंच वळणं. तिथं आता लांब बाजूनं तास काढतो आणि वळायला कडेला पट्टा सोडून तो शेवटी मारतो, तेवढ्यानंच फरक पडला. त्याचं कौतुक पण केलं पाहिजे हो, महिन्याला कमी डिझेलमध्ये काम केलं की मी त्याला वर काहीतरी देते. घाम तो गाळतो, बचत सगळी आपल्याच खिशात कशाला.

रोटरवाला_बार्शी
ताई, वहीचं एक नंबर. माझ्या ड्रायव्हरला पण लावतो.

राहुरीचे सर, एक विचारायचं होतं. लहान ट्रॅक्टर घसरतो म्हणून लोक त्याच्यावर वजन टाकतात, चाकात पाणी भरतात. मग हलक्या ट्रॅक्टरचा फायदा राहतो का?

अवजारे_राहुरी
चांगला प्रश्न आहे. वजन कामाप्रमाणे. ओढीच्या कामात चाक थोडं घसरणारच, शेतात ८ ते १५ टक्के घसरण ठीक. त्याहून कमी म्हणजे विनाकारण वजन वाहताय, जास्त म्हणजे डिझेल आणि टायर दोन्ही जातंय. मोजणं सोपं. मागच्या टायरवर खडूनं रेघ मारा, अवजार वर उचलून त्याच वावरात दहा फेऱ्या चाक फिरू द्या आणि अंतर मोजा. समजा चाळीस मीटर. मग अवजार खाली टाकून काम करत परत दहा फेऱ्या. चौतीस मीटर आलं तर सहा मीटर गेले, म्हणजे १५ टक्के. तीस आलं तर २५ टक्के, तिथं एकतर अवजाराचे दोन दाते काढा, खोली कमी करा, नाहीतर वजन लावा. टायरच्या नक्ष्या झिजल्या असतील तर आधी टायर.

पाणी भरायचं तर व्हॉल्व्ह वर बारा वाजल्याच्या जागी ठेवून भरा, पाऊण टायर भरतो. १३.६-२८ टायरमध्ये एका चाकात दीडशे लिटरच्या वर पाणी बसतं, म्हणजे दोन्ही मिळून तीनशे किलोच्या पुढं. फवारणी-कोळपणीचा हंगाम आला की काढून टाका. ही काढाघाली लोक करत नाहीत, एकदा भरलं की वर्षानुवर्षं तेच घेऊन फिरतात.

पण वजन टाकायच्या आधी एक गोष्ट, ड्राफ्ट लिव्हर. सीटच्या बाजूला दोन लिव्हर असतात, एक पोझिशनचा, अवजाराची उंची ठरवणारा, आणि एक ड्राफ्टचा, ओढीप्रमाणे अवजार वर-खाली करणारा. बहुतेक ड्रायव्हर फक्त पोझिशनच वापरतात. हॅरी फर्ग्युसननं तीन पॉइंटची जोडणी आणि ड्राफ्ट कंट्रोल काढला तोच मुळी हलक्या ट्रॅक्टरसाठी. १९३९ चा फोर्ड-फर्ग्युसन ९ एन हा छोटा ट्रॅक्टर त्याच जोरावर नांगर ओढायचा. नांगर कडक जागी अडकला की ओढ वाढते, हायड्रोलिक त्याला किंचित उचलतं, आणि अवजाराचं वजन मागच्या चाकांवर येतं. चाकाला पकड मिळते, ते घसरत नाही. बांधकरी दादांचा मॅसी १०३५ त्याच घराण्यातला, ब्रिटनमधल्या मॅसी फर्ग्युसन ३५ चा वारसा, तीन सिलेंडरचं पर्किन्सच्या बांधणीचं इंजिन आपल्याकडं मद्रासच्या सिम्पसननं बनवलं. त्याचं ड्राफ्ट नीट काम करत असेल तर मोगडा, कल्टिव्हेटरला जास्तीचं वजन लागतच नाही. वरच्या टॉप लिंकच्या मागची स्प्रिंग आणि पिन गंजलेली असते, ती मोकळी करून घ्या.

मळेकरी_ताई
सर, ट्रॉलीचं पण सांगा. लहान ट्रॅक्टरला किती भार लावायचा? आमच्याकडं पस्तीसला उसाच्या दोन ट्रॉल्या लावणारे आहेत.

अवजारे_राहुरी
ताई, तिथं डिझेलचा विचार बाजूला ठेवा. ट्रॅक्टर ट्रॉली ओढू शकतो यापेक्षा ती थांबवू शकतो का ते महत्त्वाचं. उतारावर भरलेली ट्रॉली हलक्या ट्रॅक्टरला ढकलत नेते, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात बहुतेक वेळा. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक सुके, पाणी लागलं की पकडत नाहीत. घरचं खत, वैरण, एक ट्रॉली, सपाट रस्ता, तेवढंच. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक पेडलची कडी लावलेली पाहिजे. उसाची वाहतूक मोठ्या ट्रॅक्टरनंच.

कपाशी_यवतमाळ
आज सकाळी ट्रॅक्टर बघून आलो. थंड इंजिन चालू केलं, पांढरा धूर होता, गरम झाल्यावर गेला. हायड्रोलिक चांगलं थांबते. एअर क्लीनरच्या वाटीत ऑइलच नव्हतं, मालक म्हणे कधी टाकलंच नाही. आरसी पुढच्या वर्षी संपते. काय करू?

पंप_नोझल
वाटी कोरडी ठेवून धुळीत चालवलाय म्हणजे लायनर-रिंगा झिजलेल्या असू शकतात, आत्ता धूर नसला तरी. कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. एकच सिलेंडर आहे, नोझल काढून गेज लावायला मेकॅनिकला अर्धा तास लागत नाही. कमी आलं तर इंजिनाच्या कामाचा अंदाज घ्या आणि तेवढे किमतीतून कमी करून मागा. मालक गेज लावू देत नसेल तर दुसरा बघा, २५ एचपीचे स्वराज ७२४ पण मिळतात, दोन सिलेंडरचे, कमी हादरतात.

बांधकरी
आणि घेतला तर पहिल्या डवरणीपासून एकरी डिझेल लिहून ठेवा भाऊ, इथं टाका. बाकीच्यांनी पण आकडा टाकताना माती कुठली, अवजार किती फुटी आणि कुठला गिअर एवढं लिहा, नुसत्या लिटरवरून काही कळत नाही. मी यंदाच्या पेरणीचे दोन्ही ट्रॅक्टरचे आकडे काम संपलं की टाकतो.